खोट्या कागदाचा खटला

१९३४ सालच्या ऑक्टोबरअखेर स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरातल्या एका कोर्टात बसायला जागा उरली नव्हती. देशोदेशीचे बातमीदार आले होते. साक्षीदारांमध्ये रशियाचे एकेकाळचे परराष्ट्रमंत्री पावेल मिल्युकोव्ह होते, झारच्या गुप्त पोलिसांची बिंगं फोडण्यात हयात घालवलेले व्लादिमीर बुर्त्सेव्ह होते, आणि पुढे इस्रायलचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेले खाईम वाइझमनही होते. एवढा लवाजमा पाहून कुणालाही वाटावं, खटला राजद्रोहाचा असणार. प्रत्यक्षात ज्या कायद्याखाली तो भरला होता तो बर्न प्रांतापुरता, १९१६ सालचा, आणि सिनेमागृहं व सवंग पुस्तकं यांच्यावर नजर ठेवण्यासाठी केलेला होता. फिर्यादींची मागणी इतकीच, की आरोपींनी विकलेलं एक पुस्तक कचरा आहे, आणि कोर्टानं तसं सांगावं.

फिर्यादी होते स्विस ज्यूंचा महासंघ आणि बर्नमधला स्थानिक ज्यू समाज. आरोपी होते स्वित्झर्लंडमधल्या नाझीधार्जिण्या संघटनांचे लोक. जून १९३३ मध्ये बर्नच्या कॅसिनोत झालेल्या एका सभेत त्यांनी ‘झायनच्या ज्येष्ठांचे प्रोटोकॉल्स’ या पुस्तकाच्या प्रती विकल्या होत्या. मग हा सिनेमावाला कायदाच का? कारण एखाद्या माणसाची बदनामी झाली तर दाद मागता येत होती. अख्ख्या समाजाची झाली तर नाव घेऊन कुणाची झाली, असा प्रश्न कायदाच उलटून विचारत होता. ज्यू समाजाच्या पंचविशीतल्या वकिलानं, जॉर्ज ब्रुन्शविगनं, हाताला जे हत्यार लागलं ते उचललं.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, असं आपण म्हणतो. ज्यूंमध्येही तसं म्हणणारे पुष्कळ होते. द्वेष करणाऱ्याला उत्तर द्यायचं की नाही, दिलं तर कोणी, कुठे आणि कोणत्या आवाजात, यावर त्यांच्यात गेली दीडशे वर्षं भांडण चालू आहे. ‘ज्यूंनी ज्यूद्वेषाला कसं तोंड दिलं’ असं एका वाक्यात विचारणाऱ्याला ते भांडण ठाऊकच नसतं. बर्नचा खटला हा त्या भांडणातला कागदावर भिस्त ठेवणाऱ्यांचा सर्वांत मोठा डाव.

आधी पुस्तकाची ओळख. ‘प्रोटोकॉल्स’ म्हणजे म्हणे चोवीस गुप्त बैठकांचं इतिवृत्त. ज्यूंचे म्होरके जमतात आणि जग कसं गिळायचं ते ठरवतात: वर्तमानपत्रं विकत घ्यायची, सोनं दाबून ठेवायचं, देशांना एकमेकांशी लढवायचं, लोकांना स्वातंत्र्याच्या गप्पांत गुंगवायचं. खुबी अशी, की यात भांडवलदारही ज्यूंचेच आणि क्रांतिकारकही ज्यूंचेच. शेअर बाजार कोसळला तरी हे पुस्तक खरं, कामगारांनी संप केला तरी खरं. कोणत्याही घटनेनं ते खोटं पडूच शकत नाही. आपल्या मोबाइलवर पहाटे पहाटे येऊन पडणाऱ्या मजकुराचीही साधारण हीच कुळी.

ते पहिल्यांदा छापलं गेलं १९०३ साली, सेंट पीटर्सबर्गच्या ‘झ्नाम्या’ नावाच्या वर्तमानपत्रात. छापणारा पावेल क्रुशेव्हान. त्याच वर्षी एप्रिलमध्ये किशिनेव्ह शहरात ज्यूंची कत्तल झाली. ४९ माणसं मारली गेली, घरं लुटली गेली. त्याआधी तिथल्या ज्या वर्तमानपत्रानं लोकांची डोकी भडकवली, तेही याच क्रुशेव्हानचं. आधी दंगल पेटवली आणि काही महिन्यांनी तिचं समर्थन करणारं ‘इतिवृत्त’ छापलं. पुढे १९०५ मध्ये सेर्गेई निलुस नावाच्या धर्मवेड्या लेखकानं ते आपल्या पुस्तकाला जोडलं. १९१७ च्या क्रांतीनंतर परागंदा झालेल्या झारवाद्यांच्या सामानातून ते बर्लिन, लंडन, न्यूयॉर्कला पोचलं.

किशिनेव्हची आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. कत्तलीनंतर ओदेसातल्या ज्यू मंडळींनी हायिम नाहमान बिआलिक या तरुण हिब्रू कवीला तिकडे पाठवलं. काम स्पष्ट होतं: घरोघर जा, वाचलेल्यांच्या जबान्या लिहून घे. त्यानं वह्याच्या वह्या भरल्या, आणि परत येऊन कविता लिहिली. तिच्यात खुन्यांपेक्षा, लपून बसलेल्या आणि लढू न शकलेल्या आपल्याच माणसांवर राग जास्त होता. कविता ज्यू जगात विजेसारखी फिरली. ती वाचून तरुणांनी स्वसंरक्षणाची पथकं काढली, कित्येकांनी पॅलेस्टाइनची वाट धरली. जबान्यांच्या वह्या मात्र कित्येक दशकं छापल्याच गेल्या नाहीत. लढा, निघून जा, की लिहून ठेवा? तिन्ही वाटा एकाच माणसाच्या झोळीत होत्या, आणि लोकांनी कोणत्या उचलल्या ते दिसतंच आहे. मला स्वतःला त्या वह्यांबद्दल जास्त कुतूहल आहे.

पुन्हा प्रोटोकॉल्सकडे. मे १९२० मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’नं त्या पुस्तकावर लेख छापला. सूर असा, की हे खरं असलं तर भयंकर आहे, चौकशी व्हायला हवी. ल्युसियन वुल्फ हे ब्रिटिश ज्यूंच्या वतीनं परराष्ट्र व्यवहार सांभाळणारे मुरलेले पत्रकार. त्यांनी लगोलग दाखवून दिलं, की यातली कल्पना एका जुन्या जर्मन कादंबरीतल्या प्रागच्या कब्रस्तानातल्या प्रसंगावरून उचललेली आहे. फारसं कुणी ऐकलं नाही. ज्यूनंच सांगितलेलं, तो दुसरं काय सांगणार!

वर्षभरानं, ऑगस्ट १९२१ मध्ये, त्याच ‘टाइम्स’चा इस्तंबूलमधला बातमीदार फिलिप ग्रेव्हज याच्या हाती एका रशियन निर्वासिताकडून एक जीर्ण फ्रेंच पुस्तक आलं. मोरीस जोली या वकिलानं १८६४ मध्ये लिहिलेलं. त्यात नरकात माकियाव्हेली आणि माँतेस्किय गप्पा मारत बसतात, आणि माकियाव्हेलीच्या तोंडून जोली तिसऱ्या नेपोलियनच्या हुकूमशाहीची सालटी काढतो. त्यासाठी बिचाऱ्याला पंधरा महिने तुरुंगात काढावे लागले. ज्यूंच्या कटाशी त्या पुस्तकाचा सुतराम संबंध नाही. ग्रेव्हजनं दोन्ही पुस्तकांतले उतारे शेजारी शेजारी छापले. जोलीचा माकियाव्हेली ‘मी असं करीन’ म्हणतो, तिथे प्रोटोकॉल्समधले ज्येष्ठ ‘आम्ही असं करू’ म्हणतात. पुढच्या अभ्यासकांनी मोजलं तेव्हा जवळपास दोन पंचमांश मजकूर असा उचललेला निघाला. फ्रेंच सम्राटासाठी काढलेलं तेल ज्यूंच्या डोक्यावर ओतलेलं. वड्याचं तेल वांग्यावर, तेही चोरीचं.

आता ‘टाइम्स’नंच सांगितल्यावर इंग्लंडमधली हवा बरीच उतरली. पण यातली खोच ज्यू पुढाऱ्यांच्या मनात कायमची रुतली. आपली बाजू आपण मांडली तर ती नुसती बाजू ठरते. दुसऱ्यानं मांडली की पुरावा होतो.

ही खोच मुळात जुनीच आहे. ‘अँटिसेमिटिझम’ हा शब्द चलनात आणला विल्हेल्म मार या जर्मन पत्रकारानं, १८७९ मध्ये, आणि तो शिवी म्हणून नव्हे, मोठ्या अभिमानानं. त्याला सांगायचं होतं, की आमचा विरोध धर्माला नाही, वंशाला आहे. हे शास्त्रीय मत आहे. जुन्या, चर्चच्या द्वेषाला निदान एक दार होतं: बाप्तिस्मा घ्या आणि सुटा. या नव्या द्वेषानं तेही लावून घेतलं. (शब्दाच्या व्युत्पत्तीप्रमाणे अरबही सेमिटिक, पण मारला अरबांशी काही देणंघेणं नव्हतं. त्यापेक्षा मराठीतला ‘ज्यूद्वेष’ सरळ आणि प्रामाणिक.)

त्याला उत्तर म्हणून १८९३ मध्ये बर्लिनमध्ये एक संघटना उभी राहिली. नाव लांबलचक: ज्यू धर्माच्या जर्मन नागरिकांची केंद्रीय संघटना. नावातच सगळी भूमिका आहे. आम्ही जर्मन नागरिक, धर्म तेवढा ज्यू. त्याआधीची ज्यू पिढी म्हणायची, गप्प राहा, चिखलात दगड मारला तर अंगावर उडतो. या संघटनेतल्या वकिलांनी ठरवलं, की आपण भीक मागत नाही, हक्क मागतो, तेव्हा उजळ माथ्यानं कोर्टात जायचं. प्रत्येक अफवेला पत्रक, प्रत्येक बदनामीला फिर्याद.

पहिल्या महायुद्धात १९१६ साली जर्मन लष्करानं एक शिरगणती केली: आघाडीवर ज्यू किती, मागे कचेऱ्यांत किती. ज्यू लढाईतून अंग काढतात, या आरडाओरड्याला लष्करानं दिलेला हा प्रतिसाद. आकडे तेव्हा जाहीर केलेच नाहीत, आणि संशय मात्र मोकाट सुटला. युद्धात जर्मनीसाठी सुमारे १२,००० ज्यू सैनिक मेले होते. युद्धावरून परतलेल्या ज्यू सैनिकांच्या संघटनेनं त्या मृतांची नावं एकेक करून गोळा केली, त्यांचं पुस्तक छापलं आणि १९३२ मध्ये राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गना त्याची प्रत दिली. त्यानंतर काही महिन्यांतच त्याच हिंडेनबुर्गनी हिटलरला चॅन्सेलर नेमलं. मेलेल्यांची नावं पुरावा म्हणून सादर करावी लागणं, याहून मोठी मानहानी मला सुचत नाही.

आणि बर्नहार्ड वाइस. बर्लिन पोलिसांचे उपप्रमुख, जन्मानं ज्यू, युद्धात पदक मिळवलेले. नाझी प्रचारक गोबेल्सनं त्यांचं नाव ‘इझिडोर’ पाडलं. त्या काळच्या जर्मनीत हे नाव ज्यूची टिंगल म्हणूनच घेतलं जाई. वाइसनी एकामागून एक फिर्यादी ठोकल्या आणि जिंकल्या. गोबेल्स दंड झाल्याची बातमी फुशारकीनं आपल्या पत्रात छापी, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा इझिडोर. लोकांना खटल्याचा निकाल आठवत नसे, नाव आठवे. बर्लिनमध्ये कित्येकांना वाटायचं, त्यांचं खरं नाव तेच. कोर्टात हरणाऱ्याला कोर्टाचीच चावडी फुकट मिळते, हे गोबेल्सला वाइसच्या वकिलांपेक्षा आधी कळलं होतं.

अटलांटिकपलीकडे हाच पेच वेगळ्या कपड्यांत आला. मोटारींचा राजा हेन्री फोर्ड याच्या मालकीचं ‘डिअरबॉर्न इंडिपेंडंट’ नावाचं साप्ताहिक होतं. मे १९२० पासून त्यानं ज्यूंवर लेखमाला सुरू केली, सलग ९१ अंक. प्रोटोकॉल्सचा अमेरिकी अवतारच तो. फोर्डच्या गाड्या विकणाऱ्या दुकानांतून अंक खपवले जात. अमेरिकन ज्यू कमिटीचे अध्यक्ष लुई मार्शल हे नामांकित घटनातज्ज्ञ. त्यांनी फोर्डला संतापून तार केली. उलट उर्मट उत्तर आलं. मग मार्शल थंड झाले. त्यांचं गणित असं: फोर्डवर खटला भरला तर तो हुतात्मा होईल, उघड बहिष्कार पुकारला तर ‘बघा, कट खरा आहे’ म्हणतील. म्हणून ख्रिस्ती तोंडं शोधायची. जानेवारी १९२१ मध्ये ११९ नामवंत बिगरज्यू अमेरिकनांनी निषेधाचं पत्रक काढलं. त्यात विल्सन आणि टाफ्ट हे दोन राष्ट्राध्यक्ष होते. सामान्य ज्यूंना हे मुत्सद्दीपण मानवलं नाही. त्यांनी कुणी न सांगताच फोर्डच्या गाड्या घेणं बंद केलं.

शेवटी खटला भरला तो एकट्या माणसानं, मार्शलना न विचारता. आरन सपिरो हा शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था बांधणारा वकील. त्याचं नाव घेऊन फोर्डच्या पत्रानं चिखलफेक केली, आणि हेच त्याच्या पथ्यावर पडलं. कायद्याला हवं असलेलं नाव आता मिळालं होतं. १९२७ च्या मार्चमध्ये डेट्रॉइटला दहा लाख डॉलरचा दावा सुनावणीला आला. साक्षीला उभं राहायची वेळ जवळ आली तेव्हा फोर्डच्या गाडीला अपघात झाला. पुढे ज्युरीतल्या एका बाईंनी वर्तमानपत्राला मुलाखत दिली म्हणून खटलाच रद्द झाला. आणि तेवढ्यात फोर्डनं तडजोडीला निरोप धाडला, पण सपिरोला नव्हे, मार्शलना. माफीनामा मार्शलनीच लिहिला. फोर्डला आपल्या पत्रात काय छापून येत होतं याची कल्पनाच नव्हती, असं त्यात होतं. ही शुद्ध थाप आहे हे लिहिणाऱ्यालाही माहीत होतं. फोर्डनं तो वाचलासुद्धा नाही, सही आपणच ठोकली, असं त्याचा उजवा हात हॅरी बेनेट यानं पुढे सांगितलं.

मार्शलना जाहीर शरणागती हवी होती आणि ती मिळाली. साप्ताहिक त्याच वर्षाअखेर बंद पडलं. सपिरोला हवा होता कोर्टाचा निकाल, तो राहूनच गेला. मी सपिरोच्या बाजूचा. निकाल असता तर तो दाखवता आला असता. माफी काय, हवेत विरली. लेखांचं पुस्तक जर्मनीत छापलं जातच राहिलं, आणि १९३८ मध्ये फोर्डनं पंचाहत्तरीला हिटलर सरकारचा सन्मान स्वीकारला. हिटलरच्या युवक संघटनेचा प्रमुख बाल्डुर फोन शिराख यानं न्यूरेंबर्गच्या कोर्टात सांगितलं, की आपण ज्यूद्वेष्टे झालो ते फोर्डचं पुस्तक वाचून.

कागदाचा, तारांचा, पत्रकांचा कंटाळा आलेलेही होतेच. ४ ऑक्टोबर १९३६ रोजी फॅसिस्ट पुढारी ऑस्वल्ड मोस्ले याच्या काळ्या सदरेवाल्यांनी लंडनच्या ईस्ट एंडमधून, म्हणजे गरीब ज्यूंच्या मोहल्ल्यातून, संचलन काढायचं ठरवलं. ब्रिटिश ज्यूंची १७६० पासूनची प्रातिनिधिक संस्था बोर्ड ऑफ डेप्युटीज. तिनं सांगितलं, दारं लावून घरात बसा. शिंपी, सुतार, कम्युनिस्ट, आयरिश गोदी कामगार यांनी केबल स्ट्रीटवर अडथळे रचले, बायकांनी खिडक्यांतून हाताला येईल ते पोलिसांवर ओतलं, आणि संचलन परत फिरलं. ईस्ट एंडवाल्यांच्या मते बोर्ड म्हणजे कोचावर बसलेले शेठ. बोर्डाच्या मते हे लोक मोस्लेला हवी असलेली दंगल त्याला ताटात वाढत होते. दोघांचंही थोडं थोडं खरं होतं. वर्ष संपायच्या आत संसदेनं राजकीय गणवेशावर बंदी घातली, ती या राड्याशिवाय इतक्या लवकर आली असती असं वाटत नाही. पण केबल स्ट्रीटनंतरच्या आठवड्यात ईस्ट एंडमधल्या ज्यूंची दुकानं फोडली गेली, हेही झालं.

मराठी वाचकाला हे सगळं लांबचं वाटणं साहजिक आहे. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंनी शतकानुशतकं घाणे चालवले, शनिवारी काम बंद ठेवतात म्हणून ‘शनिवार तेली’ हे नाव मिळवलं, आणि त्यात द्वेष नव्हता. जशी बारा जाती तशी ही एक, एवढंच. त्यामुळे ज्यूद्वेष आपल्याकडे आला तो बहुधा अज्ञानाच्या वाटेनं. हिटलरचं आत्मचरित्र आपल्या पदपथांवर व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी मांडलेलं असतं. ऑगस्ट २००६ मध्ये नवी मुंबईत खारघरला एक रेस्टॉरंट उघडलं, ‘हिटलर्स क्रॉस’. आत हिटलरचं पोस्टर. मुंबईतल्या ज्यूंनी काय केलं? ना मोर्चा, ना खटला. आधी आवाज उठवला, मग त्यांच्या संघटनेची माणसं मालकाला भेटली आणि समोर बसून बोलली. नाव लोकांच्या लक्षात राहावं एवढाच हेतू होता, असं तो म्हणाला, आणि थोड्याच दिवसांत त्यानं ते बदललं. जिथे समोरच्याला ठाऊक नसतं तिथे सांगून भागतं. दोन वर्षांनी, २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री, कुलाब्याच्या नरिमन हाउस या ज्यू केंद्रात शिरलेल्या दहशतवाद्यांना सगळं नीट ठाऊक होतं. शोधून, पत्ता काढून ते आले होते. सहा ज्यू मारले गेले, त्यात तिथले रब्बी आणि त्यांची पत्नी. त्यांच्या दोन वर्षांच्या मुलाला सांभाळणाऱ्या सँड्रा सॅम्युएल त्याला उचलून बाहेर पडल्या म्हणून तो वाचला. तिथे संवादाचा प्रश्नच नव्हता. जगभरातल्या सिनेगॉगांच्या दारांवर आज पहारा असतो तो याच अनुभवामुळे.

पुन्हा बर्नच्या कोर्टात. तिथे बचाव पक्षाची अडचण अशी होती, की आरोपी स्वतः प्रोटोकॉल्स खरे असल्याचं सिद्ध करायच्या लायकीचे नव्हते. त्यांनी तज्ज्ञ आणायला मुदत मागितली. एप्रिल १९३५ मध्ये जर्मनीतून उलरिश फ्लाइशहाउअर आला. ज्यूद्वेषी मजकूर अनेक भाषांत पुरवणारी कचेरी चालवणारा हा निवृत्त लष्करी अधिकारी. त्यानं चारशेहून जास्त पानांचं निवेदन दिलं आणि दिवसेंदिवस बोलत राहिला. कोर्टानं नेमलेला तज्ज्ञ होता कार्ल आल्बर्ट लोसली, स्विस लेखक, ज्यू नव्हे. बिगरज्यू तोंडाची गरज इथेही सुटलेली नव्हती. प्रोटोकॉल्स म्हणजे १८९७ च्या बाझल इथल्या पहिल्या झायनवादी परिषदेतलं गुपित, हा दावा. पण त्या परिषदेला बातमीदार बसले होते, लघुलेखक बसले होते आणि तिचं खरं इतिवृत्त छापून विक्रीला होतं. तिला हजर असलेली माणसं साक्षीला आली. ग्रेव्हजचे उतारे पुन्हा मांडले गेले.

१४ मे १९३५ रोजी न्यायाधीश वाल्टर मायर यांनी निकाल दिला: प्रोटोकॉल्स बनावट आहेत, चोरलेले आहेत आणि कायद्याच्या भाषेत कचरा आहेत. दोघांना दंड झाला. निकाल सांगताना मायर म्हणाले त्याचा आशय असा, की या खुळचट पुस्तकाच्या खरेखोटेपणावर डझनभर शहाणी माणसं पंधरवडाभर डोकं फोडत बसली, हे कुणालाच समजू नये असा काळ कधीतरी येवो. मला हा न्यायाधीश आवडतो. आपण करतोय ते काम हास्यास्पद आहे आणि तरी करायला हवं, हे दोन्ही त्याला एकदम कळलेलं होतं.

१ नोव्हेंबर १९३७ रोजी वरच्या कोर्टानं शिक्षा रद्द केली. पुस्तक खरं आहे म्हणून नव्हे. १९१६ चा कायदा अश्लील छपाईसाठी आहे, राजकीय बदनामीसाठी नाही, म्हणून. बचावाचा खर्च फिर्यादींवर टाकायलाही कोर्टानं नकार दिला. नाझी वर्तमानपत्रांनी यातलं फक्त ‘सुटले’ एवढंच छापलं. त्याआधी १९३४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ग्रॅहमस्टाउनच्या कोर्टात असाच दावा झाला होता. तिथे फॅसिस्ट टोळीनं सिनेगॉगमधून चोरल्याचं सांगून एक कागद मिरवला होता आणि त्याखाली रब्बी म्हणून सही दाखवली होती. तो धागा धरून अब्राहम लेव्ही या धर्मगुरूंनी दावा लावला आणि १,७७५ पौंडांची भरपाई मिळवली. नाव घेऊन खोटं बोलणारा शत्रू सापडणं, हे या लोकांचं भाग्यच म्हणायचं.

बर्नच्या वकिलांना कागद पुरवणाऱ्यांत एक कचेरी होती ॲम्स्टरडॅमची. ती चालवणारा आल्फ्रेड वीनर, शिक्षणानं अरबी साहित्याचा अभ्यासक, पहिल्या महायुद्धात पदक मिळवलेला, आणि बर्लिनच्या त्या लांब नावाच्या संघटनेतला प्रमुख कार्यकर्ता. आपल्याविरुद्ध कोण काय बोलतंय, हे १९१९ पासून तो लक्ष देऊन ऐकत आला होता. १९२० च्या दशकाच्या अखेरीला त्यानं आणि सहकाऱ्यांनी नाझींची पत्रकं, भाषणं, जाहिराती गोळा करणारं एक कार्यालय गुपचूप उभं केलं. हिटलर सत्तेवर आल्यावर तो सगळा संग्रह गेला. वीनर ॲम्स्टरडॅमला निसटला आणि नव्यानं कातरणं कापायला बसला. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीभर सिनेगॉग जळले, तेव्हा तिथून सुटून आलेल्यांना बोलतं करून या कचेरीनं साडेतीनशेहून जास्त जबान्या लिहून घेतल्या. बिआलिकच्या वह्यांचंच काम; फक्त या वेळी कविता नाही, फाइल झाली.

१९३९ मध्ये वीनरनं संग्रह लंडनला हलवला. मँचेस्टर स्क्वेअरमधलं ग्रंथालय उघडलं तो दिवस १ सप्टेंबर १९३९. त्याच सकाळी हिटलरच्या फौजा पोलंडमध्ये घुसल्या. जी कातरणं वेड्याचा छंद वाटत होती त्यांच्यासाठी आता ब्रिटिश सरकारची खाती रांग लावू लागली. युद्ध संपल्यावर न्यूरेंबर्गच्या खटल्यांना त्यातून पुरावे गेले. ‘वीनर लायब्ररी’ लंडनमध्ये आजही आहे.

वीनरची पत्नी मार्गारेट आणि तीन मुली मात्र ॲम्स्टरडॅममध्येच अडकल्या. वेस्टरबोर्कच्या छावणीतून त्यांना बेर्गेन-बेल्झेनला नेण्यात आलं. जानेवारी १९४५ मध्ये अदलाबदलीच्या एका गाडीत त्यांना जागा मिळाली, कारण कागदोपत्री त्या पॅराग्वेच्या नागरिक होत्या.

ते पासपोर्ट बर्नमधून आलेले. तिथे पॅराग्वेचा मानद कॉन्सल असलेला एक नोटरी पैसे घेऊन कोरे पासपोर्ट देई, आणि पोलंडच्या वकिलातीतला कॉन्स्टांटी रोकित्स्की हा अधिकारी ते स्वतःच्या हातानं भरत बसे. वकिलातीचे प्रमुख आलेक्सांदर वादोश आणि काही ज्यू कार्यकर्ते त्यात सामील होते. ज्या शहरात एक कागद खोटा आहे हे सिद्ध करायला ज्यूंनी चार वर्षं घालवली, त्याच शहरात काही वर्षांनी रात्रंदिवस खोटे कागद तयार होत होते. त्यांच्यावरची नावं तेवढी खरी होती.

सीमा ओलांडून स्वित्झर्लंडमध्ये पाय ठेवला आणि त्यानंतर लगेचच मार्गारेट वारली. मुली जहाजानं न्यूयॉर्कला गेल्या. तिथे धक्क्यापलीकडे त्यांचे वडील होते.